दारं आपटत राहिली

स्लॅम-डोअर गाड्यांचा मृत्यू हप्त्याहप्त्यानं झाला. मे 2005 मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून सुटणाऱ्या गाड्या बंद झाल्या, 7 ऑक्टोबरला केंट परगण्याकडच्या गेल्या आणि 19 नोव्हेंबरला ब्रायटनच्या बाजूची उरलीसुरली गाडी कायमची थांबली. दक्षिण इंग्लंडातल्या चाकरमान्यांच्या दोन-तीन पिढ्या या गाड्यांतून कामावर गेल्या आणि वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवत निवृत्त झाल्या. गाड्या गेल्या तेव्हा बहुतेकांनी हुश्श केलं, आणि ते रास्तच होतं. जिच्या जाण्यानं माणसांचे जीव वाचले अशा वस्तूला श्रद्धांजली वाहताना शब्द जपूनच वापरायला हवेत. तरी लिहिते आहे, कारण रेल्वेनं प्रवाशाच्या हातात ठेवलेली शेवटची गोष्ट या गाड्यांबरोबर गेली. ती म्हणजे दाराची कडी.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. डब्याला दोन-तीन रुंद सरकती दारं, हा प्रकारच इथे नव्हता. समोरासमोरच्या बाकांची एक जोडी, तिला डावीकडे एक दार, उजवीकडे एक दार. पुढची जोडी, पुन्हा दोन दारं. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हीच रचना. 1967 ते 1974 या काळात बांधलेली ‘वेप’ ही या जातीतली अस्सल चाकरमानी गाडी. चार डब्यांची, वाटेच्या एका बाजूला तिघांची आणि दुसऱ्या बाजूला दोघांची बाकं असलेली. तिच्याहून थोडी सुखवस्तू ती ‘सिग’, ब्रायटन आणि पोर्टस्मथच्या लांब पल्ल्याची. डोक्यावर विजेची तार नाही. रुळांच्या शेजारून जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्टची वीज घ्यायची, ही दक्षिणेची जुनी रीत. दक्षिणेच्या रेल्वेचे महाव्यवस्थापक सर हर्बर्ट वॉकर यांच्या कारकिर्दीत 1 जानेवारी 1933 पासून लंडन-ब्रायटन मार्ग असा विजेवर आला, आणि तिथून ही रीत पक्की झाली.

आता दार. ते बाहेरच्या बाजूला उघडायचं. कित्येक डब्यांत आतून उघडायची सोयच नसे. खिडकीची काच खाली ओढायची, दंडापर्यंत हात बाहेर काढायचा, बाहेरची कडी चाचपडत फिरवायची आणि दार खांद्यानं लोटायचं. पाऊस असला की बाही ओली. उतरल्यावर मागे वळून दार जोरात ढकलायचं, कारण कुलपाला दोन टप्पे असत. हलक्या हातानं लोटलं तर दार पहिल्या टप्प्यावरच अडकून राही, बाहेरून लागल्यासारखं दिसे आणि लागलेलं नसे. म्हणून आपटायचं. इंग्रज माणूस एरवी आवाज करायला किती कचरतो हे त्याच्या शेजारी राहिलेल्याला ठाऊक असतं. दिवसातून दोनदा मात्र त्याला धाडकन दार आपटायची मुभा होती, आणि तो ती मनापासून वापरत असे.

सकाळी साडेआठच्या सुमाराला बारा डब्यांची गाडी लंडन ब्रिजच्या फलाटाला लागताना पाहावी. गाडी माणसाच्या चालीवर आली की दारं उघडू लागत, ती पुरती थांबायची वाट कोण पाहतो! सरावलेली मंडळी चालत्या गाडीतून उतरून चार पावलं तिच्याबरोबर धावत आणि जिन्याच्या तोंडाशी पोचतसुद्धा. गाडी थांबेपर्यंत ती निम्मी रिकामी. फलाटावर उभ्या असलेल्यानं रेषेच्या मागेच राहायचं, नाहीतर दाराची कड थेट बरगडीत. मग लगेच दारं लागायला सुरुवात होई. पुढून मागे, धाड, धाड, धाडधाडधाड, मध्ये थोडा खंड, आणि सगळं शांत झालं असं वाटेपर्यंत कुठल्यातरी शेवटच्या डब्याचं एक उशिराचं धाड. तेवढं झालं की फलाटावरचा माणूस गाडीच्या कडेनं नजर टाकायचा, एखादी कडी आडवी राहिलेली दिसली तर धावत जाऊन दार लावायचा आणि हात वर करायचा.

मी लंडनला आले ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. डोंबिवलीच्या फलाटावर वाढलेलीला चालत्या गाडीतून उतरणाऱ्यांचं काय कौतुक? आमच्याकडे दार ही उभं राहायची जागा होती, ते लावायचं असतं हेच माहीत नव्हतं. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. क्लॅपम जंक्शनला गाडी बदलायला पळणारा, उशीर झालेला, हातात कॉफी असलेला माणूसही उतरल्यावर मागे वळायचा आणि दार लावून मगच पळायचा. बारा डब्यांच्या गाडीची शे-दीडशे दारं रोज प्रत्येक स्टेशनवर अशी लागत होती, आणि बहुतेक दारं प्रवासीच लावत होते. पाटी नाही, दंड नाही, भोंगा नाही. नाही लावलं तर गाडी सुटणार नाही, एवढी जाण पुरत होती.

गाड्यांचं वय वाढत गेलं तसतसे त्यांचे रंग बदलत गेले. रंग बदलणं गाडी बदलण्याहून नेहमीच स्वस्त पडतं. या घराण्यातल्या जुन्या गाड्या हिरव्या होत्या. 1965 मध्ये ब्रिटिश रेलनं देशभरासाठी एकच निळा रंग आणि दोन बाणांचं चिन्ह आणलं, तेव्हा दक्षिणेचा हिरवा गेला. वेप कारखान्यातून आली तीच निळी. ब्रायटन बेल ही पुलमन गाडी, जिच्या न्याहारीच्या यादीतून किपर हा खारवून धुरावलेला मासा काढला म्हणून लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्या नटानं तक्रार केली होती, तिचाही तपकिरी-पिवळसर शाही पोशाख उतरवून तिला निळ्या-करड्या गणवेशात उभं केलं. त्यानंतर तिला फार दिवस मिळाले नाहीत. 30 एप्रिल 1972 ला ती बंद झाली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात काही गाड्यांना तपकिरी आणि नारिंगी पट्टे आले. रेल्वेवेड्यांनी त्यांचं बारसं लगेच केलं, चॉकलेट-संत्र्याच्या बिस्किटावरून, जाफा केक. पण खरा गाजला तो त्यानंतरचा रंग. 10 जून 1986 रोजी रेल्वेचे अधिकारी क्रिस ग्रीन यांनी नेटवर्क साउथईस्ट हे नाव जाहीर केलं आणि लंडनभोवतीची सगळी उपनगरी रेल्वे लाल, पांढऱ्या, निळ्या, करड्या तिरप्या पट्ट्यांत दिसू लागली. या रंगाला टूथपेस्ट म्हणत. स्टेशनांवरचे दिव्याचे खांबसुद्धा लाल झाले. लोक हसले, पण मला ग्रीन यांचं पटतं. नव्या गाड्यांसाठी सरकारकडून पैसे मिळवायला वर्षं जातात, रंगाची बादली आजच मिळते. वीस वर्षं कळकट निळ्या डब्यांतून जाणाऱ्या माणसाला आपली कुणीतरी दखल घेतली असं वाटणं, हेही काही कमी नव्हतं. फक्त त्या ताज्या पट्ट्यांखालची गाडी होती तीच होती. खाली 1951 पासून चालत आलेली मार्क 1 पद्धतीची बांधणी, वर टूथपेस्ट.

या सगळ्या रंगकामात एकच पट्टा असा होता की जो काही लपवण्यासाठी मारलेला नव्हता. आणखी जुन्या गाड्यांत बंद खण असत. डब्यातून आरपार वाट नाही, दोन स्टेशनांच्या मधे त्या खणात जो बसला तो बसला. मार्च 1988 मध्ये ऑर्पिंग्टनहून व्हिक्टोरियाला येणाऱ्या गाडीत अशाच एका खणात एका तरुणीचा भरदिवसा खून झाला. त्यानंतर असे खण असलेल्या डब्यांवर खिडक्यांच्या वर लाल रेघ ओढण्यात आली. एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईनं ती पाहून दुसरा डबा गाठावा, एवढाच तिचा अर्थ. माझ्या ऑफिसातल्या एक वयस्क बाई सांगायच्या की त्यांची नजर पुढे कितीतरी वर्षं, त्या गाड्या मोडीत निघाल्यावरही, डब्यात पाय ठेवण्याआधी छताकडे जायची. श्रद्धांजलीत हे सांगायचं नसतं असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं.

त्याच वर्षी, 12 डिसेंबर 1988 च्या सकाळी, क्लॅपम जंक्शनजवळ बेझिंगस्टोकहून आलेली गाडी उभी असताना पूल या गावाहून येणारी गाडी तिच्यावर मागून आदळली. 35 माणसं गेली, पाचशेच्या आसपास जखमी झाली. दोष गाड्यांचा नव्हता. सिग्नलच्या नव्या जोडणीच्या वेळी एक जुनी तार कापून बाजूला बांधायची राहिली होती. ती हलून पुन्हा जागेवर टेकली आणि लाल व्हायचा सिग्नल लाल झाला नाही. अँथनी हिडन यांच्या चौकशीत दिसलं की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञानं 13 आठवड्यांत एकच दिवस सुट्टी घेतली होती. पण धडकेनंतर डब्यांचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मार्क 1 डबा म्हणजे खाली भक्कम पोलादी चौकट आणि तिच्यावर ठेवलेली पत्र्याची खोली. जोराची धडक बसली की एका डब्याची चौकट दुसऱ्याच्या चौकटीवर चढते आणि वरची खोली सोलून काढते. जानेवारी 1991 मध्ये कॅनन स्ट्रीट स्टेशनात गाडी रुळांच्या टोकाच्या धक्क्यावर आदळली, वेग फार नव्हता, तरी दोघं दगावले. त्या गाडीत दुसऱ्या महायुद्धाआधीच्या चौकटींवर चढवलेले डबे होते. चौकट जुनी, खोली नवी, रंग त्याहून नवा.

दारांचा हिशेब वेगळाच होता. दरवर्षी काही माणसं चालत्या गाडीतून पडून मरत. कुणी नीट न लागलेल्या दाराला टेकलेलं असे, कुणी फार लवकर उतरू गेलेलं. शेवटी 1999 च्या रेल्वे सुरक्षा नियमांनी दोन्ही गोष्टींवर एकदमच फुली मारली. मार्क 1 बांधणी नको आणि मध्यवर्ती कुलूप नसलेली दारं नकोत, मुदत 2004 ची अखेर. शेवटच्या काही महिन्यांची सवलत मागून घेऊन गाड्या 2005 पर्यंत पोचल्या. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून गेली आणि आपोआप मिटणाऱ्या दारांची चर्चा मुंबईत पुन्हा सुरू झाली, तेव्हा मला हे 1999 चे नियम आठवले. तिथेही आधी बराच काळ सगळे म्हणत होते की या गर्दीला दुसरं दार चालणारच नाही.

बदली गाड्या आल्या त्या बॉम्बार्डियरच्या इलेक्ट्रोस्टार आणि सीमेन्सच्या डेझिरो. हजाराहून कितीतरी जास्त जुने डबे काढून तेवढे नवे आणायचे, तेही गाड्या चालू ठेवून. आणि मग एक गंमत उघडकीला आली. नव्या गाड्यांना वातानुकूलन, जास्त ताकदीच्या मोटारी, दारं उघडायलाही वीज. जुन्या गाड्या जेवढ्यावर भागवत होत्या तेवढ्या विजेत यांचं भागेना. तिसऱ्या रुळाला वीज पुरवणारी उपकेंद्रं आणि केबली ठिकठिकाणी वाढवाव्या लागल्या, त्याचा खर्च प्रचंड, आणि ते काम होईपर्यंत कोऱ्या गाड्या साइडिंगमध्ये उभ्या. वेप तेवढे दिवस आणखी धावली. ज्यांना काढायचं ठरलं होतं त्यांनीच नव्यांना वेळ मिळवून दिला, याची नोंद निरोपाच्या भाषणांत कुणी घेतली असेल असं वाटत नाही.

मधल्या काळात मालक बदलत होते. 4 फेब्रुवारी 1996 ला पहाटे 5:10 ची ट्विकनम-वॉटर्लू गाडी सुटली ती खासगी कंपनीची पहिली. दक्षिणेच्या दुसऱ्या भागात कॉनेक्स ही फ्रेंच कंपनी आली आणि तिनं पांढरा-पिवळा रंग आणला. 2001 मध्ये तिचा एक भाग गेला, 2003 मध्ये दुसराही सरकारनं काढून घेतला. कंपनी गेली, पण मरणपंथाला लागलेल्या गाड्यांना पुन्हा रंगवण्यावर कोण पैसे घालणार? कित्येक सिग आणि वेप भंगारात गेल्या त्या निघून गेलेल्या मालकाच्या रंगात.

नव्या गाड्यांची दारं छान सरकतात. सरकण्याआधी पीं-पीं वाजतात. पण प्रवाशाच्या हातून दार गेल्यावर ते कुणाचं, हा प्रश्न मिटला नाही. 2016 मध्ये सदर्न या रेल्वे कंपनीत संप सुरू झाले. मुद्दा एवढाच, की दारं मिटायचं बटण गार्डनं दाबायचं की मोटरमननं. महिनोन् महिने ब्रायटनचे चाकरमानी फलाटांवर ताटकळले. डिसेंबर 2019 मध्ये साउथ वेस्टर्न या कंपनीत त्याच वादातून 27 दिवसांचा संप झाला. दोन्ही बाजू सुरक्षिततेचीच भाषा बोलत होत्या. कॉफीचा पेला सावरत मागे वळून दार आपटणाऱ्या त्या माणसाला विचारायला कुणी गेलं नाही, आणि त्यानंही विचारलं जावं अशी अपेक्षा ठेवली नाही. त्याला बटण मिळालं आहे, पण ते दिवा लागल्यावरच चालतं.

ज्या डेझिरो तेव्हा कोऱ्या होत्या त्यांनाही आता वीस वर्षं झाली. निळ्यातून त्या 2017 नंतर करड्या झाल्या, आणि अलीकडे तर रंगसुद्धा नसतो, छापील विनाइल चिकटवतात. कंपनी बदलली की सोलायचं. 25 मे 2025 ला साउथ वेस्टर्न पुन्हा सरकारी झाली, ग्रेट ब्रिटिश रेल्वेज ही नवी सरकारी रेल्वे येत असल्याची जाहिरात गाडीच्या अंगावर झळकली आणि पुन्हा लाल-पांढरा-निळा. दोन बाणांचं चिन्ह मात्र 1965 चंच. 2017 मध्ये मागवलेल्या 90 नव्या आर्टेरिओ गाड्यांपैकी पहिली जानेवारी 2024 मध्ये प्रवासी घेऊन धावली, ठरल्या वेळेनंतर चार वर्षांहून अधिक उशिरानं. मधल्या काळात जुन्यांनीच गाडा ओढला. हे वाचून कुणाला काही ओळखीचं वाटलं तर नवल नाही.

स्लॅम-डोअरचं एक शेपूट मात्र 2005 नंतरही उरलं होतं. न्यू फॉरेस्टमधल्या ब्रॉकनहर्स्टपासून लिमिंग्टन धक्क्यापर्यंत एक छोटासा फाटा जातो. धक्क्यावरून आयल ऑफ वाइटला बोट मिळते. या फाट्यासाठी तीन डब्यांच्या दोन सिग राखून ठेवल्या आणि दारांना मध्यवर्ती कुलपं बसवून त्यांना कायद्यात बसवलं. एकीला हिरवा रंग दिला, दुसरीला निळा-करडा. नावं दिली फ्रेशवॉटर आणि फॅरिंगफर्ड. फॅरिंगफर्ड हे त्या बेटावरचं लॉर्ड टेनिसन यांचं घर. आयुष्यभर वय झाकण्यासाठी ज्यांना रंगवलं त्यांना शेवटी घराण्याचे जुने रंग परत दिले. मी एकदा मुद्दाम गेले होते. डब्यात शाळेची मुलं, बोटीला निघालेले सायकलवाले आणि कॅमेरेवाले काका. एका मुलानं दार लावलं ते इतक्या अलगद की लागलंच नाही. गार्ड आला, काही न बोलता दार उघडलं आणि त्याला कसं आपटायचं ते दाखवलं. मुलगा खूश, आई थोडी चपापली. 22 मे 2010 ला त्याही गाड्या थांबल्या.

काही नमुने मागे राहिले आहेत. 3417 क्रमांकाची वेप, दक्षिण विभागाचे माजी महाव्यवस्थापक गॉर्डन पेटिट यांचं नाव लावलेली, 2004 मध्ये पुन्हा निळी रंगवली गेली आणि नंतर जतन करणाऱ्या हौशी लोकांच्या हाती आली. लिमिंग्टनच्या दोघींनाही घर मिळालं. अडचण वेगळीच आहे. ब्रिटनमधल्या वारसा रेल्वे कोळशाच्या आणि डिझेलच्या. तिसरा रूळ त्यांच्याकडे नाही, आणि सहलीला आलेल्या पोराबाळांच्या पायांजवळ 750 व्होल्टचा उघडा रूळ टाकायला कुणी परवानगीही देणार नाही. त्यामुळे या विजेच्या गाड्यांना डिझेल इंजिन ओढून नेतं, ताशी 25 मैलांनी. मोटारी मुक्या असतात. डब्यात एक स्वयंसेवक फिरत असतो आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत कडीला हात लावू नका म्हणून बजावत असतो.